हिरेदान

श्रीमंतांनी आपल्या संपत्तीचे मालक नव्हे तर विश्वस्त व्हावं, हे बापू आयुष्यभर सांगत राहिले. १९३६ साली आमच्या वर्ध्याजवळच्या सेगावात येऊन राहिले, तेव्हाही सांगत होते. जमनालालजी बजाजांनी ते मनावर घेतलं म्हणून जिल्ह्याची लाज राहिली. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि तिजोरीच्या किल्ल्या कनवटीला तशाच ठेवल्या. पण सर्वोदयी मंडळींनी निराश होऊ नये. विश्वस्तपणाचा सिद्धान्त अखेर अमलात आला आहे. सिंगापूरच्या एका कंपनीने तो आणला, आणि त्यासाठी तिला एक दिवसही उपोषण करावं लागलं नाही.

पुरावा हवा असेल तर संध्याकाळी आर्वी नाक्यावर जा. चहाच्या टपरीमागे चार पोट्टे माना खाली घालून बसलेले दिसतील. ही प्रार्थनासभा नाही, त्याच कंपनीचा 'फ्री फायर मॅक्स' हा मोबाइलवरचा खेळ आहे. सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर'वर बंदी घातली आणि 'मॅक्स' तेवढं चालू राहिलं. देशाला याचं नवल वाटलं असेल. आम्ही दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढलेली माणसं, आम्हाला असल्या बंदीचा सराव आहे.

या चौघांतला एक हिरे विकत घेतो. हिरे म्हणजे त्या खेळातलं चलन. त्याच्या बंदुकीला ड्रॅगनची कातडी असते आणि अंगात राजपुत्राला शोभणारा झगा. उरलेले तिघे कंपनीने फुकट दिलेल्या कपड्यांत, म्हणजे जवळजवळ अपरिग्रहात. पण सर्व्हर एकच, मैदान एकच. एकाच्या बापाच्या पैशावर तिघांचा खेळ चालतो. याहून वेगळा विश्वस्त बापूंना तरी कुठला हवा होता?

यातली कारागिरी मात्र समजून घेतली पाहिजे. खेळ बनवणाऱ्या कंपनीत पगारी माणसं दिवसभर एकच काटा राखत बसलेली असतात. देणाऱ्याला वाटलं पाहिजे की पैसे वसूल झाले, आणि न देणाऱ्याला वाटलं पाहिजे की थोडा जोर लावला तर आपणही जिंकू. ताकद फार विकली तर फुकटे कंटाळून निघून जातात. काहीच विकलं नाही तर कंपनी निघून जाते. 'बीजीएमआय' या दुसऱ्या बंदुकीच्या खेळवाल्यांनी यावर सोवळा मार्ग काढला: विकायचे ते कपडे आणि रंग, गोळी सगळ्यांची सारखीच लागते. फ्री फायरमध्ये सोवळं जरा सैल आहे. काही कातड्यांबरोबर बंदुकीचा जोरही वाढतो. 'कँडी क्रश' तर थेट उपासावर चालतो. पाच जीव संपले की नवा जीव अर्ध्या तासाने, तोवर दम धरा किंवा पैसे मोजा. नवख्याला सुरुवातीच्या सामन्यांत मारायला यंत्रमानव देतात, म्हणजे त्याला आपण शूर आहोत असं वाटतं. ही सोय पूर्वी फक्त नेत्यांना होती.

जमनालालजींनी १९२८ साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसह सगळ्यांना खुलं केलं. कंपनीनेही दार सगळ्यांना खुलं ठेवलंय, फक्त गाभाऱ्याचं तिकीट लावलं आहे, आणि तिकीटवाल्याला दर्शन घेताना रांगेतल्यांनी पाहावं अशी व्यवस्था केली आहे. रांगच नसेल तर तिकीट घेणार कोण?

मी त्या अपरिग्रही तिघांतल्या एकाला विचारलं, "अरे, एक पैसा न भरता खेळता, तुम्हाला कसं परवडतं?"

तो मान वर न करता म्हणाला, "आमाले नाही परवडत काका, त्यायले परवडते. आमी नसलो त हे मारतीन कोनाले?"

अर्थशास्त्राच्या पदवीला तीन वर्षं लागतात. या पोट्ट्याला टपरीवर एवढ्यात समजलं की आपण गिऱ्हाईक नसून माल आहोत. विश्वस्ताने गरिबाची ठेव सांभाळावी असं बापू म्हणाले होते. ती सांभाळताना गरिबाच्या डोक्यात गोळी घालून वर नाचून दाखवावं, हे कलम नंतरचं.

म्हणून मी एक चळवळ सुचवतो. पवनारचे विनोबा भूदानासाठी गावोगाव फिरून जमिनीचा सहावा हिस्सा मागत. तसा हिरेवाल्यांकडे हिऱ्यांचा सहावा हिस्सा मागावा. भूदानात खडकाळ जमीन पुष्कळ आली होती. हिरेदानात फाटके झगे येतील, तरी तक्रार करू नये.

फुकट्यांना कमी लेखू नका, त्यांच्यात थोर माणसंही आहेत. जुलै २०२५ मध्ये आपले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर सभागृहात रमी दिसत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात वगळत होतो, असा त्यांचा खुलासा. मी तो तंतोतंत खरा मानतो. जाहिरात कुणाला वगळावी लागते? पैसे न भरणाऱ्याला. महिनाअखेर त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. फुकट खेळूनही वरची पातळी गाठता येते, याचं इतकं सरकारी उदाहरण दुसरं नाही.

पुढच्याच महिन्यात, २० आणि २१ ऑगस्टला, संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. पैसे लावले आणि जास्त पैसे परत मिळतील अशी आशा धरली, तर तो खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे भरले आणि परत काही मिळण्याची आशाच सोडली, तर ती निरोगी करमणूक. ड्रॅगनची कातडी त्यामुळे सुखरूप आहे. गुन्हा पैशात नाही, आशेत आहे. निष्काम कर्मयोग इतक्या सोप्या भाषेत विनोबांच्या गीताईनंतर कुणी सांगितला नव्हता.

त्याच आठवड्यात केंद्राने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही काळापुरतं उठवलं. हिंगणघाटकडचा शेतकरी तेव्हा बियाणं, खत, फवारणी आणि निंदणाचे पैसे लावून, ते वाढून परत येतील अशी आशा धरून बसला होता. कायद्याच्या व्याख्येत तो अगदी चपखल बसतो. ऑनलाइन नव्हता म्हणून सुटला. सप्टेंबरपासून तीही पळवाट बुजली. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ च्या हंगामाचा क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव हवा असेल तर सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायची, स्लॉट धरायचा, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर घरी जायचं. सगळे पैसे भरूनही फुकट्याची वागणूक मिळावी, असा खेळ सिंगापूरलाही जमलेला नाही.

टपरीवरच्या त्या पोट्ट्याच्या घरी अडीच एकर कापूस आहे. बापाच्या ॲपची नोंदणी त्यानेच केली. कसं आहे ॲप, म्हणून विचारलं.

"स्लॉट नाही भेटला अजून," तो म्हणाला. "पन ॲप चांगलं हाये काका. मधात जाहिरात नाही येत."