शिरड, शिरडी नव्हे

नोव्हेंबर निम्मा सरला की शिरड शहापुरात कामाची एक फट पडते. सोयाबीन बाजारात जाऊन आलेलं असतं, हरभरा पेरून झालेला असतो आणि हळद काही फेब्रुवारीच्या आत जमिनीतून हलत नाही. या फटीतून एके दिवशी पहाटे चार वाजता एक बुलेट गावाबाहेर पडते. पुढं तो, मागं ती. दोघांच्या अंगावर सारखीच काळी जाकिटं. त्याच्या गुडघ्यांना कवच आणि हेल्मेटवर कॅमेरा. तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या, चार दिवस पुरतील अशा बेतानं. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निम्मं झाकलेलं असावं, असा १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो. त्यासाठी कंपनीनं दिलेलं साडी गार्ड काढून या गृहस्थानं तिथं सामानाची सॅडल बॅग टांगलेली असते, म्हणजे कायद्याचा हेतू बऱ्यापैकी साधतो. पहाटे चारला निघण्यामागं ऊन किंवा रहदारी हे कारण नाही. सहानंतर निघालं तर "कुठं चाललाव?" म्हणायला निम्मं गाव रस्त्यावर असतं, आणि "गोव्याला, गाड्यांच्या मेळाव्याला" हे उत्तर देऊन वसमतच्या दिशेनं सुखरूप निघून जाता येईल, असं गाव अजून वसायचंय.

मेळावा वागातोरचा. बुलेटवाल्यांचा हा मेळा पूर्वी 'रायडर मेनिया' नावानं भरायचा. २०२३पासून त्याचं 'मोटोव्हर्स' झालं. जायचं कशासाठी, असं विचारलं तर हा तीन कारणं सांगतो: निसर्ग, स्वातंत्र्य आणि 'स्वतःचा शोध'. तिन्ही कारणं गाडीसोबत मिळालेल्या माहितीपत्रकातली असावीत. निसर्गच पाहिजे तर सिद्धेश्वर धरण तालुक्यात आहे, येलदरीही फार लांब नाही, आणि पूर्णेचं पाणी बघायला जाकीट लागत नाही. वागातोरला तर अख्खा समुद्र असतो, पण हा समुद्राकडं पाठ करून गाड्या बघत उभा. समुद्राला नंबरप्लेट नसते. स्वातंत्र्याचं म्हणाल तर प्रत्येक पेट्रोल पंपावरून घरी फोन जातो: म्हैस नीट दूध देती का, हरभऱ्याला पाणी लागलं का, थ्री फेज लाईट या आठवड्यात दिवसाची का रात्रीची. राहिला स्वतःचा शोध. तो एकदा लागला असता तर दरवर्षी जायची गरज पडली नसती. माझं म्हणणं असं, की हा माणूस सातशेवर किलोमीटर एका प्रश्नासाठी जातो. "कुठून आलात?" असं कुणीतरी आपल्याला विचारावं, एवढीच त्याची भूक आहे.

हसण्यावारी नेऊ नका, या भुकेला कारण आहे. शिरड शहापूर हे बाहेरच्यांनी यायचं गाव आहे. इथं मल्लिनाथांचं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. लांबलांबून भाविक येतात. थोडं पुढं गेलं की औंढा नागनाथ, ज्योतिर्लिंग. तिथं तर देशभरातून माणूस लोटतो. तिकडं नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला पंजाबातून गाड्या येतात. अशा मुलखात वाढलेल्या पोराचं लहानपण दुसऱ्यांना "पाव्हणं, कोन्तं गाव?" विचारण्यात जातं. कुणी कोल्हापूर सांगतो, कुणी सुरत, कुणी अमृतसर, आणि दर उत्तराला हा मान डोलावतो. उलट प्रश्न त्याला कुणी करत नाही, कारण उत्तर समोर पसरलेलं असतं. क्षेत्राच्या गावचा माणूस जन्मभर विचारणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. चाळिशी गाठेपर्यंत, स्प्लेंडरवरून खताची पोती आणि दुधाच्या किटल्या वाहून झाल्यावर, एकदा तरी पलीकडच्या बाजूला उभं राहावंसं त्याला वाटलं तर ते अगदी माणसासारखंच झालं. २०२३च्या पावसाळ्यात हळदीचे भाव एकाएकी चढले. तोवर हळद न विकता दाबून ठेवणाऱ्यांपैकी काहींच्या दारात ही इच्छा साडेतीनशे सीसीच्या रूपानं येऊन उभी राहिली, असा अंदाज करायला हरकत नाही.

त्यात गावाच्या नावाचा एक पेच आहे. 'शिरड' म्हटलं की ऐकणारा 'शिरडी' ऐकतो आणि हात जोडतो. ते निस्तरून 'शहापूर' म्हणावं, तर तो ठाणे जिल्ह्यात शिरतो. बेळगावला एक शहापूर आहे ते वेगळंच. बिचाऱ्या गावाच्या नावातले दोन्ही शब्द आधीच दुसऱ्यांच्या नावावर चढलेले. मग जिल्हा सांगावा, तर हिंगोली जिल्हाच मुळी १ मे १९९९चा, त्याआधी परभणी. "म्हणजे नांदेडजवळ?" असं समोरच्यानं विचारलं की हा नाइलाजानं हो म्हणतो आणि आपण नांदेडकर झालो म्हणून रात्री त्याला झोप लागत नाही. घरी बसल्या दुबळा वाटणारा हा सातबारा वागातोरला मात्र सोनं होतो. तिथं पुण्याचे शेकड्यानं, मुंबईचे हजारानं. "पुण्याहून" म्हणणाऱ्याकडं कुणी ढुंकून पाहत नाही. पण एमएच ३८ ही पाटी दिसली की चार माणसं थांबतात, वाकून बघतात आणि एक जण तोंड उघडतो: "ही पासिंग कुठली?" सातशे किलोमीटरचं पेट्रोल त्या क्षणी वसूल होतं.

हे एकट्या शिरडकराचं खूळ नाही. मोटारसायकलवाल्यांच्या जगात लांबी हेच कुळ. अमेरिकेत स्टर्जिसचा मेळावा १९३८पासून भरतो. सुरुवात शर्यतीची होती. पण आज तिथं जाणारा शर्यतीत कितवा आला हे कोण विचारतो? किती लांबून आला, हे विचारतात. तिकडच्या आणि युरोपातल्या कित्येक मेळाव्यांत सर्वांत दुरून आलेल्याला बक्षीस द्यायची रीत आहे. एका संस्थेचं नावच 'आयर्न बट असोसिएशन', मराठीत सरळ सांगायचं तर लोखंडी बूड मंडळ. चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर, गाडी हाणली की तिचं प्रमाणपत्र मिळतं. ज्या अवयवाचा एरवी घरात उल्लेख होत नाही त्यावर प्रमाणपत्र देणारी जगातली ही एकमेव संस्था नसली तरी आपल्याकडं तशी दुसरी ऐकिवात नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो म्हाताऱ्यांचा: हे इंग्रजी थेर आपल्या मातीतलं नाही. हा आक्षेप तरी हिंगोली जिल्ह्यात बसून घेऊ नये. नरसी इथलीच, आणि तिथं जन्मले असं मानले जाणारे नामदेव थेट पंजाबात घुमानला जाऊन राहिले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं, आणि सगळे मराठी साहित्यिक "कुठून आलात?" या प्रश्नाचं उत्तर देत तिथं हिंडले. नामदेव भक्तीसाठी गेले आणि हा जाकिटासाठी जातो, हा फरक मोठा आहे, मान्य. पण माणसाचं वजन त्यानं तुडवलेल्या वाटेवर मोजायची रीत इथं बुलेटच्या फार आधी होती, एवढं तरी यातून दिसतं. पंढरीच्या वाटेवर दिंडीच्या पताकेबरोबर गावाचं नाव चालतं, ते काय उगाच?

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा, बहुधा मेव्हण्याचा. गाव सांगायची एवढी हौस असेल तर गाडी करून जावं, नांदेडहून रेल्वेनं जावं, कंबर तरी शाबूत राहील. इथं मेव्हणा चुकतो. रेल्वेत "कुठून आलात?" हा प्रश्न बर्थ बदलून घेण्याची प्रस्तावना असतो. मोटारीची काच वर केलेली असते आणि तिच्यातून उतरणारा माणूस इस्त्रीसकट उतरतो. तो सातशे किलोमीटरवरून आला काय आणि म्हापशाहून आला काय, ओळखू येत नाही. मोटारसायकलवाल्याच्या अंगावर पुरावा असतो. लोहा, अहमदपूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबोली: प्रत्येक ठिकाणची धूळ त्याच्या गालावर थराथरानं बसलेली असते, भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यानं येऊन वाचावी अशी. त्यात राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, हा मुद्दा मेव्हण्यालाही पटतो. उलट जिथं टोल भरायची तयारी आहे तिथं त्याला येऊ देत नाहीत. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. आता पवनार ते पत्रादेवी असा आठशे किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग सरकारनं आखला; मूळ आखणीत तो हिंगोली जिल्ह्यातून निघून नेमका गोव्याच्या वेशीवर संपतो. जमिनी जाणार म्हणून शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे. तोही समृद्धीच्याच धर्तीवर झाला, तर शिरडच्या माणसाच्या उंबऱ्यापासून वागातोरच्या वाटेपर्यंत सरळसोट रस्ता असेल, आणि त्यावर त्याची जमीन जाईल पण गाडी जाणार नाही.

तिसरा आक्षेप खरा टोकदार आहे आणि तो बायकांकडून येतो: जायचं तर जा, पण तिला कशाला मागं बसवून नेतोस? तिला काय मिळतं, पाठदुखीशिवाय? याचं नेहमीचं उत्तर असं दिलं जातं की आपल्याकडं सत्यनारायणसुद्धा सजोड लागतो. ते उत्तर सोयीचं आहे आणि मला पटत नाही. अर्धं उत्तर असं की त्याला साक्षीदार लागतो. एकट्यानं सांगितलेली घाटातली गोष्ट परत आल्यावर पारावर टिकत नाही. "पाऊस लई होता" याला "होता की, भुरभुर" अशी दुरुस्ती जोडणारं माणूस शेजारी असलं की मगच उरलेली गोष्ट खरी वाटते. पण खरी मेख पुढं आहे. गावात ती अमक्याची सून, तमक्याची आई. लग्न झालं त्या दिवशी तिचं गाव पुसलं गेलं आणि शिरड शहापूर तिच्या नावाला चिकटलं. वागातोरच्या गर्दीत एखादी केरळची बाई तिला विचारते, कुठून आलात? अन् ती बिनदिक्कत सांगते, "जवळा बाजार." माहेर! शेजारी नवरा शिरड आणि शिरडीतला फरक तिसऱ्यांदा समजावत असतो, आणि त्याच गाडीवरून आलेली बायको दुसऱ्याच गावाहून आलेली असते. तिथं तपासायला सासू नसते. एकाच एमएच ३८च्या पाटीवर दोन गावं स्वार होऊन येतात आणि त्यातलं एक वीस वर्षांनी पहिल्यांदा घराबाहेर पडलेलं असतं. जवळा बाजार हे नाव तर तिथं भलतंच चालतं, कारण समोरच्याला वाटतं ही बाई जवळच्या बाजारातून आली.

तिनं स्वतः गाडी का चालवू नये, असं कुणी म्हणेल, आणि त्यावर वाद नाही. पुण्यात 'बायकर्नी' हा बायकांचा गट २०११मध्येच उभा राहिला; रमिला लटपटे तर २०२३ साली नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगाच्या प्रवासाला निघाल्या. आपल्या या वहिनी अजून स्कूटीवरून शाळेपर्यंत आणि बचत गटापर्यंत जातात. पण मागच्या सीटला कमी लेखण्यात घाई होते. नकाशा, पैसे, औषधं आणि डबा या चार गोष्टी ज्याच्या हातात, रस्ता त्याचा. तुळजापूरला थांबायचं की नाही, यावर त्याच्या वेळापत्रकात एक ओळही नसते. तरी दरवर्षी गाडी तुळजापूरला थांबते, खणानारळानं ओटी भरली जाते आणि सोलापूर गाठायला दोन तास उशीर होतो. उशिराचं कारण तो मेळाव्यात 'ट्रॅफिक' असं सांगतो. सॅकमधल्या दशम्यांचंही तसंच. पहिल्या दिवशी तो त्या सगळ्यांपुढं काढू नको म्हणतो. दुसऱ्या दिवशी हॉटेलचं बिल बघून स्वतःच काढतो. तिसऱ्या दिवशी त्या डब्याभोवती तीन राज्यांच्या पासिंगच्या गाड्या उभ्या असतात आणि शेंगदाण्याची चटणी पुरत नाही.

परतीचा प्रवास मात्र त्याला जड जातो, आणि माझ्या म्हणण्याचा सगळ्यात पक्का पुरावा तोच आहे. रस्ता तोच, गाडी तीच, घाट तेच, आणि निसर्गानं तर एका आठवड्यात कुठं जायचं? तरी जाताना प्रत्येक जिल्ह्याच्या हद्दीच्या पाटीपाशी थांबून फोटो काढणारा हा माणूस येताना एकदाही थांबत नाही. कोल्हापूर ओलांडलं की विचारणारे कमी होतात. लातूरला एखादाच पंपवाला चौकशी करतो. नांदेडला कुणी विचारत नाही, वसमतला एमएच ३८ पाटीकडं कुत्रंही बघत नाही, आणि शिरडच्या फाट्यावर चहावाला विचारतो ते एवढंच, "चार दिवस दिसला नाहीत, कोन्हाच्या दवाखान्यात होता का?"

ती मात्र घरी पोचल्या पोचल्या कामाला लागते. केरळच्या त्या बाईला तिनं औंढ्याच्या महाशिवरात्रीला यायचं आमंत्रण दिलेलं असतं आणि त्या जोडप्यानं ते खरं मानलेलं असतं. ती माळ्यावरून जादा गादी खाली काढते, उन्हात टाकते आणि मोबाईलवर घराचं लोकेशन पाठवते. पाठोपाठ शेजारच्या बारावीतल्या पोराकडून इंग्रजीत एक ओळ लिहून घेते, तिचा अर्थ एवढाच: रस्त्यात कुणी कितीही आग्रहानं सांगितलं तरी शिरडीला वळू नका.