युडीकोलनच्या गावाला जाऊन आलो

आइंडहोवन
मंगळवार, रात्री

ती. आईस,


परवा व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, "तुझं निम्मं बोलणं त्या चित्रातच अडकतं. सगळं नीट लिहून पाठव, दुपारी चष्मा लावून वाचीन." म्हणून लिहायला बसले आहे. शिवाय एक गोष्ट अशी आहे की ती तुझ्या तोंडाकडे बघत सांगायचा मला धीर नाही. तुझ्या बाटलीबद्दल आहे. पण ती शेवटी. मासिकातल्या गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय मला माहीत आहे, तसं इथे करू नकोस.

तर शनिवार-रविवार आम्ही जर्मनीत कोलोनला जाऊन आलो. मिरजेहून कोल्हापूर जेवढं, त्याहून थोडीशीच लांब इथून जर्मनीची हद्द. त्यामुळे परदेशातून आणखी परदेशात जाणं म्हणजे इथे अंबाबाईला जाऊन येण्यासारखं आहे. आमच्याबरोबर पुणेकर, नागपूरकर आणि कोल्हापूरकर होते. चार बिऱ्हाडं, तीन गाड्या, मोठी आठ माणसं आणि पाच पोरं. पुणेकरांनी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. त्यात "८.०० प्रस्थान" असं होतं आणि "९.१५ ते ९.२५ चहा (घरचा)" असंही होतं. प्रत्यक्षात आठ वाजता फक्त पुणेकर निघाले आणि कोपऱ्यावर जाऊन आमची वाट बघत थांबले. आम्ही पावणेदहाला पोचलो, तेव्हा त्यांनी चहाची वेळ पाळून चहा संपवला होता.

मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, पुणेकरवहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. कोल्हापूरकर म्हणाले, "परदेशात जाऊन डबे कसले उघडताय? तिथलं खायचं." हद्द यायच्या आत त्यांच्या अकरा पुऱ्या झाल्या होत्या.

हद्दीवर पूर्वी म्हणे फक्त पाटी असायची. आता २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं तपासणी पुन्हा सुरू केली आहे, गाडी हळू करावी लागते, कधी बाजूला घ्यायला सांगतात. आमची घेतली. तुझ्या जावयांनी सगळ्यांचे पासपोर्ट एका पाऊचमध्ये घालून अतिशय सुरक्षित ठिकाणी ठेवले होते, म्हणजे डिकीत, डब्यांच्या पिशवीखाली. पोलिसानं डिकी उघडायला लावली. आधी कुकर निघाला (रात्री हॉटेलात खिचडी लावू, ही माझी दूरदृष्टी), मग स्टीलचे चार डबे, मग लोणच्याची बरणी. पाऊच दिसण्याआधीच त्यानं हसून हात हलवला. कुकर घेऊन कोणी गुन्हा करायला जात नाही, एवढं त्या पोराला कळलं असावं.

पुढे हायवे. आमच्या हॉलंडात दिवसा बहुतेक ठिकाणी शंभरच्या वर गाडी नेता येत नाही, आणि जर्मनीत काही टप्प्यांवर वेगाला मर्यादाच नाही. जावई आठवडाभर त्या क्षणाची वाट बघत होते. शेवटी तो टप्पा आला, त्यांनी १४० पर्यंत नेली आणि तेवढ्यात धाकट्याला शू लागली. वाटेतल्या स्वच्छतागृहाला मोठ्या माणसाला एक युरो पडतो. नाणं टाकून फिरतं दार ओलांडलं, तर हा म्हणतो, "आता नाही लागली." मी त्याला शंभर रुपयांचा हिशोब समजावून सांगितला. पाच वर्षांच्या पोराला रुपया म्हणजे काय तेच माहीत नाही, आई. समजावून मीच दमले.

कोलोनच्या मध्यभागात गाडी न्यायची तर काचेवर एक हिरवा गोल स्टिकर लागतो, गाडीचा धूर कमी असल्याचा. कोल्हापूरकरांच्या गाडीला तो नव्हता. पुणेकरांच्या तक्त्यात तो विषय होता, पण चौथ्या पानावर, आणि चौथं पान कोणीच उघडलं नव्हतं. म्हणून सगळ्याच गाड्या गावाबाहेर हॉटेलात ठेवून आम्ही ट्राममधून गेलो. ते बरंच झालं. ट्राम जमिनीखालून जाते, जिना चढून वर आलो आणि समोर एकदम ते चर्च. रेल्वे स्टेशनच्या अगदी दारात. मान मागे टाकली तरी टोक दिसेना, मग आणखी टाकली तर नागपूरकरांची टोपी पडली.

१५७ मीटर उंच आहे ते. आणि आता बाबांना हाक मार, पुढचं त्यांच्यासाठी आहे. या चर्चची पायाभरणी झाली १५ ऑगस्ट १२४८ ला. पुरं झालं १८८० साली. सहाशे बत्तीस वर्षं! मधे सोळाव्या शतकात काम जे थांबलं ते जवळजवळ तीनशे वर्षं कोणी हात लावला नाही. अर्धवट बुरुजावर ओझी उचलायची लाकडी यारी तशीच उभी राहिली, चारशेक वर्षं. पिढ्यान् पिढ्या लोक ती बघत मोठे झाले, त्या काळच्या चित्रांतसुद्धा ती दिसते. तसं एक चित्र बघितलं आणि मला आपल्या गच्चीवरच्या त्या गंजलेल्या सळया आठवल्या. "वरचा मजला पुढेमागे चढवायचा आहे" म्हणून बाबांनी ठेवलेल्या, ज्यांना तू आता पापड वाळवायच्या चादरीची दोरी बांधतेस. बाबांना सांग, अजून निदान सहाशे वर्षं त्यांना कोणी बोलू शकत नाही. वर तिथले लोक म्हणतात की चर्चचं काम ज्या दिवशी खरोखर संपेल त्या दिवशी जग बुडेल. कुठल्या ना कुठल्या बाजूला परांची बांधलेली असतेच. तेव्हा सळया राहू देत.

आत एका खिडकीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. गेऱ्हार्ड रिष्टर नावाच्या चित्रकारानं २००७ साली केलेली. ना देव, ना संत, ना कुठली कथा. नुसते रंगीत काचेचे चौकोन, ११,२६३. ऊन आलं की फरशीवर रंग सांडतात. तुझी ती जुन्या साड्यांच्या चौकोनांची गोधडी उन्हात दोरीवर टाकली की मागून अशीच दिसायची. मी हे थोरलीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू कुठेही गेलीस की मिरजच बघतेस." बोलायला शिकली आहे पोर.

मग बुरूज. ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही. जावई म्हणाले, "मी दर रविवारी सिंहगड चढायचो." ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे आणि तेव्हा वर गरम भजी मिळायची. जिना गोल, अरुंद, आणि चढणारे-उतरणारे त्याच एका जिन्यानं. त्यामुळे प्रत्येक जर्मन आजोबांना भिंतीला चिकटून वाट द्यायची. आजोबा शिट्टी वाजवत उतरत होते आणि आमचे वीर शंभराव्या पायरीवर बुटाची नाडी बांधत होते. दीडशेव्या पायरीवर पुन्हा नाडी, दोनशेव्यावर दुसऱ्या पायाची. वाटेत घंटाघर आहे, तिथली मोठी घंटा चोवीस टनांची, १९२३ ची ओतीव. गावात तिला लाडानं "जाडा पीटर" म्हणतात. हे पुणेकरांनी वाचून दाखवलं ती चूक झाली, कारण पोरांनी तेव्हापासून दोन दिवस नागपूरकरकाकांना याच नावानं हाक मारली. काका ओ देत होते, हा त्यांचा मोठेपणा.

वरून ऱ्हाईन नदी दिसली, पूल दिसला, आणि पुणेकरांना तक्त्यात आपण दीड तास मागे आहोत हे दिसलं.

चॉकलेटच्या संग्रहालयाबद्दल फार लिहीत नाही. नदीकाठी आहे, आत चॉकलेटचं कारंजं आहे, तिथली बाई त्यात वेफर बुडवून प्रत्येकाला देते. आमची पोरं रांगेत पुन्हा पुन्हा उभी राहिली. तिसऱ्या वेळी जाडा पीटरही होते.

आता मुद्द्याचं. निघायच्या आधी मी तुला सांगितलं होतं ना, की तुझ्या युडीकोलनमधलं "कोलन" म्हणजे हेच गाव. शब्दाचा अर्थच "कोलोनचं पाणी". फारिना नावाच्या इटलीतून आलेल्या घराण्यानं १७०९ साली तिथे दुकान मांडलं आणि संत्री-लिंबाच्या जातीच्या फळांचं ते अत्तर जगभर गेलं. पूर्वी ते औषध म्हणूनही विकत, पोटातसुद्धा घेत. पुढे १८१० मध्ये नेपोलियननं हुकूम काढला की औषध विकायचं तर त्यात काय घातलं आहे ते सांगा. दुकानदारांनी विचार केला असेल, सांगतो कोण! त्यापेक्षा हे नुसतं सुवासाचं पाणी. म्हणजे तापात कपाळावर घडी ठेवायची तुझी पद्धत अगदी मूळ परंपरेतली निघाली, आणि डॉक्टरकाका उगाच हसायचे.

तू म्हणाली होतीस, "बाकी काही आणू नकोस, एक बाटली आण. खरी, तिथली." एवढं एकच काम होतं. आणि पुऱ्या, पायऱ्या, चॉकलेट यांत आम्ही ४७११ या छापाच्या युडीकोलनच्या दुकानाशी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. (हा आकडा म्हणजे घराचा नंबर. फ्रेंच सैन्यानं गाव घेतलं तेव्हा घरांना ओळीनं नंबर दिले, त्यातला.) आत एक छोटं कारंजं आहे, त्यातून म्हणे पाण्याऐवजी युडीकोलन वाहतं, येणाऱ्यानं बोटं बुडवावीत. पण दार बंद. मी काचेला नाक लावून आत बघत राहिले आणि थोरलीनं माझा तसा फोटो काढला. उद्या येऊ, म्हटलं.

रात्री जेवायला तिथल्या एका जुन्या बिअरच्या खानावळीत गेलो. जावयांनी फक्त सोबत केली, असं त्यांनी लिहायला सांगितलं आहे. तिथली बिअर फुलपात्राएवढ्या अरुंद ग्लासात देतात, आणि ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा ठेवतात. वाढपी निळ्या एप्रनमधला, आपल्या लग्नातल्या जिलबीवाल्यासारखा. तू नको म्हण, तो ठेवणारच. प्रत्येक ग्लासला खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं एक रेघ. नागपूरकरांना वाटलं हा आग्रह आहे आणि आग्रहाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. नववी रेघ झाल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी खूण करून दाखवलं की ती चकती ग्लासवर झाकायची, तरच तो थांबतो. म्हणजे पंगतीत ताटावर आडवा हात धरतो तसं. हे आपल्याला कोणी आधी सांगायला नको?

कोल्हापूरकरांची गंमत याहून मोठी. "तिथलं खायचं" म्हणणाऱ्या या गृहस्थांनी यादीत "हाल्व्हर हान" वाचलं, फोनवर अर्थ बघितला: अर्धा कोंबडा. दोन मागवले, एक बायकोला. आले काय, तर काळपट पाव, लोणी, मोहरीची चटणी, कांदा आणि चीजचा जाडजूड तुकडा. कोंबडा नाहीच. या गावात चीज-पावाला अर्धा कोंबडा म्हणतात! आणि चीज कुठलं, तर गौडा. म्हणजे आमच्या हॉलंडचं, जे त्यांच्या फ्रीजमध्ये रोज असतं. दोन मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "वहिनी, चटणी आहे का?" माझ्या पर्समध्ये होती.

रविवारी सकाळी पुलावर गेलो. कठड्याला हजारो कुलपं, जोडप्यांनी नावं कोरून लावलेली, किल्ली नदीत टाकायची. आपली वटपौर्णिमाच, फक्त उपास नाही. पुणेकर प्रत्येक कुलपाकडे निरखून बघत होते. म्हणाले, "एवढी चांगली पितळी!" वहिनींनी हात धरून पुढे नेलं.

मग मी निघाले बाटली आणायला, आणि सगळं गाव बंद. आई, जर्मनीत रविवारी दुकानं उघडत नाहीत! सगळ्या देशाचा कायदाच तसा. मला रडूच यायला लागलं. एवढं मोठं चर्च बघितलं, सुवासाच्या गावात दोन दिवस राहिले आणि रिकाम्या हातानं चालले. तेव्हा नागपूरकरांनी, काल रात्रीच्या नऊ रेघांमुळे डोकं धरून बसलेल्या त्या माणसानं सांगितलं, "वहिनी, स्टेशनात बघा न जी. स्टेशन कुठं बंद असते?" आणि खरंच, स्टेशनातली दुकानं उघडी होती. निळ्या-सोनेरी लेबलची बाटली मिळाली. साबण आणि ब्रशांच्या फळीवर, पण मिळाली.

आता ती गोष्ट.

रविवारी रात्री जावयांना जिना उतरता येईना. ५३३ वर, ५३३ खाली. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. त्यांनी इतकं कण्हायला सुरुवात केली की मी बाटली फोडली. जुन्या पंच्याच्या घड्या करून, थोडं पाणी, थोडं युडीकोलन, आणि ठेवल्या पोटऱ्यांवर. दुखणं थांबलं की नाही माहीत नाही, आवाज थांबला.

सोमवारी सकाळी थोरली उठून आली आणि म्हणाली, "माझं डोकं दुखतंय. मला पण ती घडी ठेव." इथे शाळा उगाच बुडवली तर चौकशी होते, दंडसुद्धा होतो. मी कपाळाला हात लावला. थंडगार. आणि पहिल्या तासाला गणिताची चाचणी होती, तेही मला माहीत होतं. तरी मी वाटीत पाणी घेतलं, बाटली तिरकी केली, आणि तो वास आला. आपलं माजघर, पत्र्याची वाटी, खिडकीतून येणारे शाळेच्या घंटेचे टोल, आणि तू न बोलता पलटलेली घडी. घडी ठेवली, दहा मिनिटांनी काढली आणि तिला सायकलवर बसवून शाळेत धाडलं.

तेव्हा तुझी बाटली चार बोटं कमी आहे. डिसेंबरात येताना घेऊन येते. पण आता खरं सांग, सहावीत मला दर गुरुवारी ताप यायचा, तेव्हा तुलाही माहीत असायचं ना?

तुझी,
ताई

ता. क. – इथे खर्च वाटून घ्यायला फोनवरून पैशांची मागणी पाठवतात, तिला "टिकी" म्हणतात. मागे मी "पुणेकरांची टिकी आली" म्हणाले तेव्हा तू विचारलं होतंस, बटाट्याची का. आत्ता पुन्हा आली आहे. २ युरो ४० सेंट. शनिवारच्या चहाचे.