घटश्राद्धाचे वारस

आमच्या नगरकडे ख्रिस्ती माणसं भेटली की एकमेकांना ‘सलाम’ म्हणतात. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात एका काकांनी मला सलाम केला आणि घडी घातलेला कागद हातात ठेवला. मला वाटलं, स्नेहभोजनाचा हिशेब असेल. निघाला माफीनामा. काकांच्या मुलाचा. मुलाने लिहिलेला नव्हे, मुलाच्या वतीने काकांनीच तयार केलेला. पुण्यातला मुलगा तीन वर्षं बोलत नाही. बोलायला लागेल तेव्हा शब्दांवाचून अडायला नको, म्हणून ही सोय. एकूण सात मुद्दे, खाली ‘आपला आज्ञाधारक’ आणि सहीपुरती जागा.

‘शुद्धलेखन जरा बघून द्या,’ काका म्हणाले.

शुद्धलेखन चोख होतं.

भांडण कशावरून ते सगळ्या मंडळीला ठाऊक आहे, कारण दर बुधवारी ते प्रार्थनासभेत येतं. (आम्ही ख्रिस्ती लोक चहाड्या करत नाही. प्रार्थनेचा विषय देतो.) मुलाने 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली हिंदू मुलीशी लग्न केलं. काकांनी ते गिळलं. नातू झाला. त्याचा बाप्तिस्मा करणार नाही, मुंजही करणार नाही, मोठा झाला की त्याचं तो ठरवील, असं दोघांनी सांगितलं. काका तेही गिळायच्या बेतात होते. काकूंना मात्र राहवलं नाही. एका दुपारी नातवाला न्हाऊ घालताना त्यांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन मग त्याच्या डोक्यावर ओतले. चौथा साबण काढायला घेतला, तर सून दारात उभी.

तेव्हापासून दार बंद, फोन बंद. काकू अजून म्हणतात, ‘पाणीच तर होतं!’ ज्या संस्कारापायी नातू गमावला त्याची याहून स्वस्त किंमत कुठल्या नास्तिकालाही लावता आली नसती. कॅथलिकांच्या धर्मनियमांत 868 व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की बाळ मरणाच्या दारात नसेल तर आईबापांपैकी निदान एकाची संमती हवी. पण आम्ही पडलो प्रॉटेस्टंट. रोमचं ऐकायचं नाही, एवढा एक नियम आम्ही एकदिलाने पाळतो.

काकांच्या मते ही सरळसरळ उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय ते इतक्या वेळा सांगतात की डुकरांपुढच्या शेंगांपर्यंत आले की ऐकणारे घड्याळाकडे बघतात. पण त्या गोष्टीतला बाप फार गैरसोयीचा माणूस आहे. पोरगा जिवंत बापाकडे वाटणी मागतो, तर हा देऊन मोकळा होतो. पोरगा वाटेत माफीचं भाषण पाठ करत येतो. बाप लांबूनच ओळखून धावत सुटतो, गळ्यात पडतो आणि ते भाषण पुरं होण्याआधीच झगा आणा, अंगठी आणा म्हणून चाकरांना हाका मारतो. सात मुद्दे तर सोडाच, त्याने तिसरं वाक्यसुद्धा ऐकून घेतलं नाही. पुष्ट वासराचं म्हणाल तर ते महाराष्ट्रात कायद्यानेच कापता येत नाही, तेवढी सवलत काकांना द्यायला हवी. मात्र त्या गोष्टीत आणखी एक जण आहे. थोरला मुलगा. आयुष्यभर आज्ञेत राहिलेला आणि आत पंगत बसली असताना बाहेर फुगून उभा असलेला. काका स्वतःला बाप समजून गोष्ट सांगतात. उभे असतात अंगणात.

पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिताना मुलांना सांगितलं, आईबापांचं ऐका. लगोलग बापांना सांगितलं, पोरांना चिडीला आणू नका. काकांच्या बायबलात पहिल्या ओळीखाली लाल पेन्सिल आहे. दुसरीवर कपाचं वर्तुळ.

आता खरी अडचण. काकांच्या बैठकीत त्यांच्या पणजोबांची तसबीर आहे. पणजोबा ब्राह्मण होते, हे ख्रिस्ती होऊन चार पिढ्या उलटल्या तरी काका दुसऱ्या वाक्यात सांगतात. (नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग समाजातून आले, घरंच्या घरं मिळून आले. त्यांचं घटश्राद्ध घालायला मागे कुणी भट बसला नव्हता. म्हणून त्यांच्या तसबिरींना हार कमी.) पणजोबा मिशनच्या कंपाउंडात गेले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी जिवंत मुलाचं घटश्राद्ध घातलं. आई पुढे पुष्कळ वर्षं जगली, पण तिने नातवंडांचं तोंड पाहिलं नाही. मंडळीच्या वर्धापनदिनाला काका ही साक्ष देतात तेव्हा त्यांचा आवाज भरून येतो. पणजोबांसाठी. त्या आईसाठी भरून आलेला मी तरी ऐकलेला नाही.

मराठी ख्रिस्ती घराचा पाया असा तुटलेल्या घरांवर आहे, आणि आम्ही त्याच्या शताब्द्या साजऱ्या करतो. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तर बाप सुप्रीम कोर्टात गेला आणि मुलगा परत मिळवला. मग ज्ञातीने विचारलं, मिशनऱ्यांकडे जेवलेला पोरगा आपल्यात कसा घ्यायचा? बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणून उभे राहिले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. बाप खटला जिंकला, पंगत हरला. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल वसवलं. त्यांचं नाव आमच्या इतिहासात मानाने येतं. त्या बापाचं नाव विचारा कुणाला तरी.

सरकारलाही ही घरफूट मोजावी लागली. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडणार नाही, असा कायदा 1850 साली आला. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाल्यावर दुसऱ्याने नांदायचं नाकारलं तर लग्न मोडता यावं म्हणून 1866 साली आणखी एक आला. दोनचार घरांत रुसवेफुगवे झाले म्हणून कुणी कायदे करत नाही.

काकांना कायदाही पाठ आहे. ‘घर चर्चला लिहून देईन,’ असं ते मधूनमधून जाहीर करतात. पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. 1925 च्या वारसा कायद्यातलं 118 वं कलम ख्रिस्ती माणसाला आडवं यायचं. जवळचे नातलग असताना धर्मादाय मृत्युपत्र करायचं तर ते मरणाआधी निदान वर्षभर केलेलं असावं लागे. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. तेव्हा काका आता शेवटच्या आठवड्यातही रागावू शकतात. पणजोबांच्या बाजूने कायदा होता तो मुलाच्या वाटणीसाठी. पणतू कायदा वापरणार तो मुलाला वगळण्यासाठी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली मुलाकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्चही मिळू शकतो. नातवाचा पापा त्या कायद्यात कुठेच नाही.

नवऱ्याशी, धर्माशी आणि सोवळ्याशी एकाच वेळी भांडायचं कसं, हे आमच्यात एका बाईने दाखवलं होतं. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली झाला. मधली काही वर्षं ताटातूट, मग नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू आणि संसार एक. त्या घरात तिच्या नकळत तिच्या डोक्यावर कुणी मग ओतला नाही. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ आमच्या प्रत्येक घरात असतं. काकांकडे दोन प्रती आहेत, दोन्ही बक्षीस मिळालेल्या.

काका दुष्ट नाहीत, हीच तर पंचाईत. काकू तर नाहीतच. नाताळ आला की त्या शेजारच्या भाभींच्या पोराला कापड बाजारात नेतात, कारण त्याचा आणि नातवाचा जन्म एकाच महिन्यातला. त्याच्या अंगाला लावून सदरा घेतात. करंज्यांबरोबर पार्सल पुण्याला जातं. परत येत नाही, पोचल्याचं कळतही नाही. भाभींचं पोर आता दरवर्षी विचारतं, ‘दादी, माझ्या मापाचा घेता, मग मला का नाही?’ मागच्या नाताळात काकूंनी दोन घेतले.

आणि मुलगा-सून? तीन मगांसाठी तीन वर्षं म्हणजे मगामागे वर्ष पडलं. हिशेब त्यांच्याकडेही सात मुद्द्यांचा असेल. पण तो कागद माझ्याकडे शुद्धलेखनाला आलेला नाही.

परवाच्या बुधवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे वही उघडली. काकांनी मुलाचं नाव सांगितलं, नातवाचं सांगितलं. काकू मागून म्हणाल्या, ‘तिचंही घ्या.’ तीन वर्षांत त्या घरात सुनेचं नाव ‘ती’ असंच होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, नाव काय? काका पंख्याकडे बघत राहिले. काकूंनी हळूच सांगितलं, मृण्मयी. पाळकसाहेबांनी पुटपुटत लिहून घेतलं, ‘मृणाली.’

‘मृण्मयी,’ काका पंख्याकडे बघतच म्हणाले. ‘म ला ऋकार. अर्धा ण, मग म.’