घड्याळभाऊ

चंद्रपूरकडच्या एका कारखान्यात (नाव कशाला हवं?) आमच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात एक घड्याळभाऊ होते. गाव चामोर्शीकडचं, तोंडात अखंड खर्रा. खर्रा असेपर्यंत सगळे हुकूम भुवयांनी सुटायचे. भाऊ उठून बाहेर गेले आणि तोंड रिकामं करून आले, की कंट्रोल रूम चिडीचूप. पीएलसीचं, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरचं, घड्याळ लावायचं आहे, हे सगळ्यांना कळे.

चार मिनिटं मागे पडलेलं घड्याळ लावायला भाऊंना चाळीस मिनिटं लागत. आधी लॉगबुकात जुनी वेळ, नवी वेळ, सही. मग प्लांटला फोन : "टायमावर कोणता पंप चालू हाये का?" पाळी बदलायची वेळ जवळ आली असली तर सरळ खुर्चीत बसून राहत. "सहा वाजून जाऊ दे. मंग पाहू."

नवी पोरं हसायची. भाऊ, मोबाइलचं घड्याळ आपोआप लागतं, इथे मुहूर्त कशाला?

मुहूर्ताला इतिहास होता. एका नव्या इंजिनिअरने पहाटे ५:५८ दाखवणारं घड्याळ उत्साहाने ६:०१ केलं. प्रोग्राम बिचारा बरोबर ६:०० ची वाट पाहत होता. त्या क्षणी रात्रपाळीचं उत्पादन नोंदवून मोजणी शून्यावर आणायची होती. सहा वाजलेच नाहीत! दुपारी दोनला पहिल्या पाळीच्या नावावर सोळा तासांचा माल, रात्रपाळीच्या रकान्यात भोपळा. एका पाळीला शाबासकी, दुसरीला मेमो. रात्रपाळीत भाऊ होते.

त्यानंतर त्यांनी प्रोग्रामच बदलून घेतला. "सहा वाजले का" असं विचारायचं नाही, "सहा होऊन गेले आणि नोंद राहिली का" असं विचारायचं. पॅनेलवर टाकलेली वेळ आधी बाजूच्या खान्यात थांबणार. कोणी ३१ फेब्रुवारी टाकला तर तिथूनच परत. पासवर्ड भाऊंकडे. 'सेट'चं बटण दाबलं की वेळ एकदाच लिहिली जाणार. नाहीतर बटण दबलेलं राहतं, पीएलसी प्रत्येक फेरीत तोच सेकंद पुन्हा लिहितो आणि घड्याळ जागच्या जागी कवायत करतं. एवढी सोय करूनही भाऊ ते बटण तापल्या तव्याला बोट लावावं तसं दाबत. मी विचारलं तर म्हणाले, "प्रोग्रामवर भरोसा हाये. बोटावर नाही."

पॅनेल परदेशी. त्यातली उन्हाळी वेळेची खूण एकदा कुणीतरी चालू ठेवली आणि पॅनेल तासभर पुढे गेलं. भाऊ भडकले. "इथं सत्तेचाळीस डिग्री तापून राह्यलं, अन् याला उन्हाळा घड्याळातून पाह्यजे काहून?" तेव्हापासून मालक एकच, पीएलसी, पॅनेलने त्याचीच वेळ दाखवायची. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, चंद्रपूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य तेराएक मिनिटं मागे, हेही त्यांना तोंडपाठ. पण दोष ते सूर्याला देत.

एकदा त्यांच्या घरी चहाला गेलो. भिंतीवरचं घड्याळ चक्क दहा मिनिटं पुढे. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"तिची बस चुकते म्हणून पुढं ठेवलं हाये. त्याचा पासवर्ड आपल्यापाशी नाही."