दानाची पावती

१९५४ साली अमेरिकेत गव्हाचे ढीग इतके साचले की ठेवायला जागा पुरेना आणि भावही टिकेना. उपाय सापडला तो परोपकाराचा! त्या पुण्यकर्माचं नाव पब्लिक लॉ ४८०. गहू त्यांच्याच शेतकऱ्याचा, निम्मी तरी जहाजं त्यांच्याच झेंड्याची, आणि उपकार भुकेल्या भारतावर. फुकट नव्हे हं, बहुतेक गव्हाचे आपण रुपये मोजले. ते इथेच अमेरिकेच्या खात्यात साठत गेले. त्यातल्या काहींतून मराठी पुस्तकंसुद्धा विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना धाडली गेली. आमच्या लेखकांना असं गिऱ्हाईक पुन्हा भेटलं नाही, एवढं मात्र कबूल करायला हवं.

१९६६ च्या सुमारास दिल्लीनं व्हिएतनाम युद्धावरून दोन शब्द सुनावले, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सनसाहेब गव्हाचं एकेक जहाज मोजूनमापून सोडू लागले. घास आपल्या तोंडाशी, दोरी त्यांच्या हातात.

आपल्याला काय मिळालं? दुष्काळात पोटं भरली, ते नाकारणं कृतघ्नपणाचं. शिवाय पुण्याच्या माळावर गाजरगवत माजलं. ते या गव्हाबरोबरच आलं, असं आजही गावोगाव सांगतात. खरंखोटं वनस्पतिशास्त्रज्ञ जाणोत. उपटावं लागतं ते आपल्यालाच.

१९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश भारत सरकारला समारंभपूर्वक दिला. एवढा मोठा धनादेश तोवर कुणी पाहिला नव्हता, म्हणून त्याचं भारी कौतुक झालं. रुपये आपलेच होते.