बनी तो बनी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही परभणीकर पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर ऐकवतो. दुसरी म्हण मात्र घरातल्या घरात ठेवतो : 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' निजामाच्या काळापासून चालत आलेली आहे म्हणतात. कुठं जमलं तर जमलं, नाहीच जमलं तर परभणी आहेच.

आमच्याकडचा नाचाचा पॅड याच दुसऱ्या म्हणीच्या वाटेनं आला. लेकीच्या पुण्याच्या मामाची पोरं त्याच्यावर नाचून नाचून कॉलेजात गेली. मग मामानं पॅडची साडीसारखी आठपदरी घडी घातली, पिशवीत कोंबली आणि 'चालला तर भाचीला होईल' असं म्हणून पाठवून दिली.

पॅड म्हणजे सतरंजीच्या तुकड्याएवढा प्लास्टिकचा चौकोन. त्यावर नऊ घरं आणि त्यांतल्या चार घरांत चार दिशांचे बाण. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाणं लागतं, खालून बाण वर सरकत येतात, आणि वरच्या ओळीतल्या खुणेवर बाण बसला की त्याच क्षणी आपण पायाखालचा तोच बाण दाबायचा. १९९८ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीनं 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' हा खेळ आधी नाण्यावर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांत आणला, मग तो घरोघरच्या फरशीवर उतरला. त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, बान्दाईनं अशाच चटईवर पोरांना जागच्या जागी पळवलं होतं. आमच्या गल्लीत हा शोध त्याहून जुना. कोळशानं फरशीवर घरं आखायची, ठिकरी टाकायची आणि लंगडी घालत जायचं. त्या पॅडमध्ये बिघाड एकच व्हायचा : आई फरशी पुसायची.

या पॅडमध्ये दोन बिघाड होते. डावा बाण कुणी पाय न देताच चालू होता, आणि वरचा बाण टाच दुखेपर्यंत आपटलं तरी मख्ख. लग्नाच्या वरातीत असे दोघं हमखास असतात. एकजण बँड लागायच्या आधीच नाचायला लागतो आणि एकजण नवरदेवाचा सख्खा मामा असूनही जागचा हलत नाही. लेक तीन दिवस रुसली. स्टेशन रोडवरच्या एका मोबाइलवाल्यानं पॅड उलटासुलटा करून 'याला स्क्रीन कुठंय?' असं विचारलं, तेव्हा मी तो काखोटीला मारून घरी परतलो आणि रविवारी स्वतःच उघडायला बसलो.

मे महिना, बाहेर त्रेचाळीस अंश, कूलरची घरघर. मी ब्लेडनं कडेची शिवण उसवायला घेतली, तोच पलीकडून आईचा आवाज आला.

"काय फाडायलास रे?"

"फाडत नाही गं आई, उसवतोय."

"उसवणाऱ्याला परत शिवताबी आलं पाहिजे," असं म्हणून ती गुडघ्यावर हात ठेवत येऊन शेजारी बसली.

आत एखादं गूढ यंत्र असेल अशी माझी समजूत होती. निघाल्या त्या नुसत्या घड्या. वरती चित्राचं जाड प्लास्टिक, त्याखाली पातळ पारदर्शक कागदासारखं प्लास्टिक आणि त्याच्या खालच्या अंगाला काळ्या शाईचे पट्टे. मग भोकं पाडलेला स्पंज. त्याखाली पुन्हा काळ्या पट्ट्यांचं पातळ प्लास्टिक आणि तळाला जाड स्पंज. ही काळी शाई म्हणजे मुख्यतः कार्बन; तिच्यातून वीज वाहते. पाय पडला की स्पंज दबतो, भोकातून वरचा काळा खालच्या काळ्याला टेकतो आणि कॉम्प्युटरला निरोप पोचतो. पाय उचलला की स्पंज फुगतो आणि दोघं वेगळे होतात. टीव्हीच्या रिमोटचं बटणही अशाच टेकण्यावर चालतं. म्हणजे फरशीवरचा कोळसा आता प्लास्टिकच्या पोटात गेला होता, एवढाच काय तो फरक.

आईनं सगळे थर बोटांनी चाचपले. "ही तर वाकळच हाय की!" ती म्हणाली.

वरच्या बाणाचं दुखणं लवकर सापडलं. मामानं घातलेल्या घडीवर काळा पट्टा केसाएवढा तडकला होता. असा पॅड गुंडाळून ठेवायचा असतो, त्याची घडी घालायची नसते, हे ज्ञान मला तिथं झालं. मीटरची एक तार तडकेच्या अलीकडं आणि एक पलीकडं लावली : चिडीचूप. आधी मी सोल्डरिंगची सळई टेकवली, तर प्लास्टिक उडदाच्या पापडासारखं आक्रसलं. मग पेन्सिल घासली, कारण तिच्यातलं शिसंही मुख्यतः कार्बनच. पण गुळगुळीत प्लास्टिकवर ती नुसती घसरत राहिली. शेवटी लेकीच्या डब्यातला, पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद कामाला आला. त्याची पट्टी कापली, तडकेवर आडवी ठेवली आणि वरून चिकटपट्टी दाबून बसवली. चिकटपट्टी कागदाखाली लावून चालत नाही, कारण तिचा गोंद वीज अडवतो. धातू थेट काळ्यावरच टेकायला हवा. मीटर 'टूं' करून बोललं. लेकीनं टाळी वाजवली.

डावा बाण मात्र हट्टी निघाला. तिथला स्पंज चेपून पापुद्र्यासारखा झाला होता, म्हणून वरचं काळं खालच्यावर कायमचं निजलेलं. मी एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून भोकाभोवती कडं बसवलं. बाण गप्प झाला. लेक वर चढली, दोन उड्या मारल्या आणि बाण पुन्हा सुरू. कडं परत नीट बसवलं. पुन्हा दोन उड्या, पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी चि. आणि चि.सौ.कां. अशा दोघांच्याही नावानं पत्रिका फेकून दिली.

"घसरायलंय ते," आई म्हणाली. "वाकळीला धावदोरे कामून घालतेत? शोभेला? आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होऊ नयेत म्हणून. ह्याला टाके कुठं हायेत?"

मी बघितलं. खरंच, टाके फक्त चारी कडांना होते. मधला स्पंज मोकळाच. प्रत्येक उडीबरोबर तो कणकण सरकत होता आणि माझं कडंही आपल्याबरोबर नेत होता. मी तासभर वीज शोधत होतो आणि आजार कापडाचा होता.

आईनं ट्रंकेतून दाभण काढलं. पोती शिवायचं, वीतभर लांब, टोकाला वाकलेलं. मी फेकलेलं कडं परत भोकाभोवती बसवलं, तिनं जाड दोरा ओवला. मग ती थरांवरून दाभण फिरवत विचारायची, "हितं काळं हाय का?" मी उजेडात धरून बघायचो. "नाही." की टाका पडायचा. "हितं?" "आहे, आहे!" की दाभण बोटभर बाजूला. बाणांच्या मधल्या रिकाम्या घरांतून तिनं असे अठरा टाके घातले. धड डिप्लोमा झालेला मी त्या दुपारी तिचा हेल्पर होतो, आणि चष्म्यामुळं तेवढीच माझी लायकी ठरली होती.

पॅड कॉम्प्युटरला जोडला आणि लाइट गेली. दोन तास आम्ही तिघं त्या शिवलेल्या पॅडभोवती पन्ह्याचे ग्लास घेऊन, आजाऱ्याच्या उशापायथ्याशी बसावं तसं बसलो.

लाइट आली. डावा बाण पाय पडला तरच बोलला. वरचा पहिल्या हाकेला धावला. लेक दमेपर्यंत नाचली आणि मग आईला म्हणाली, "आजी, तू ये."

"टाके बसले का बघते नुसतं," म्हणत आई चढली. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणीवरून गंगाखेडकडं जाते, तेव्हा आई दरवर्षी थोडं अंतर सोबत चालते. पाय उचलले की त्यांना तेवढंच ठाऊक : एक पुढं, एक मागं, मध्ये हलकी उसळी. ती पाउली खेळत राहिली. पडद्यावर चुकल्याची खूण एकामागून एक पडत होती, गाणंही मधेच थांबलं. आईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती खाली मान घालून आपल्या टाक्यांकडं बघत होती.

"एकबी सुटला नाही," उतरताना ती म्हणाली.

पॅड आता वाकळींच्या ढिगावर गुंडाळून ठेवलेला असतो. परवापासून खालचा बाण थोडा जड झाला आहे. दाभण मी अजून ट्रंकेत परत ठेवलेलं नाही.