मासा सोडून बोला

इंग्लंडमधल्या कालव्यावर गळ टाकायला शिकू पाहणाऱ्याला दुकानदार सामान देतो, पुस्तकं माहिती देतात, सरकार परवाना देतं. पण त्याच्या आड नेमकं काय येतं याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आड येते ती महत्त्वाकांक्षा. नवशिका मोठा मासा धरायला येतो, आणि कालवा ही मुळात लहान मासे धरायची जागा. जो लवकर लहान गोष्टींवर येईल तो लवकर शिकेल, एवढंच माझं म्हणणं आहे. यात अध्यात्म शोधू नये. हे सगळं कालव्याच्या बांधणीवरून निघतं.

आपल्याकडे कालवा म्हटलं की पाटबंधारे खातं, पाण्याचं आवर्तन आणि शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचलं नाही म्हणून होणारी ओरड. इंग्लंडचा कालवा शेतासाठी नाही, तो माल वाहायला खणला. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने 1761 साली वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा कालवा सुरू केला, आणि पुढच्या काही दशकांत देशभर जो तो कालवे खणत सुटला. लीड्सपासून लिव्हरपूलपर्यंतचा एकच कालवा 127 मैलांचा आहे. मग रेल्वे आली, कोळसा रुळावर गेला आणि कालव्यांचा धंदा बसला. पाणी मात्र राहिलं, आणि पाण्यात मासेही राहिले. तेही खानदानी नव्हेत. सामन आणि ट्राउट हे उमरावांच्या नद्यांमधले. बाकीच्या रोच, पर्च, ब्रीम, टेंच, गजन वगैरे मंडळींना एकत्र ‘कोर्स फिश’ म्हणून मोडीत काढलेलं. गिरणीतल्या आणि भट्टीवरच्या कामगाराला हेच मासे परवडत. पण त्याने ते असे मनावर घेतले की 1878 साली या माशांच्या विणीच्या काळात बंदी घालणारा कायदाच झाला. तो आणणारे खासदार पोलादाच्या शेफील्ड शहराचे, नाव मंडेला (नेल्सन यांच्याशी संबंध नाही). नद्यांवर 15 मार्च ते 15 जून ही बंदी आजही आहे. बहुतेक कालव्यांवरून ती 2000 साली उठली. त्यामुळे नवशिक्याला बारा महिने अपयश घेता येतं. फक्त परवाना हवा. तो तेराव्या वर्षापासून लागतो. 13 ते 16 वयाच्या मुलांना फुकट मिळतो, पण काढावा लागतोच. शिवाय तो काठ ज्या क्लबाकडे असेल त्याचं तिकीट वेगळं. फुकटची गोष्टसुद्धा रीतसर अर्ज करून मिळवायची, हे पाहून मराठी माणसाला परदेशात असल्यासारखं वाटत नाही.

आता पुरावा. कालव्याचा आडवा छेद उथळ ताटलीसारखा असतो: दोन्ही काठांना उथळ पायरी, मधे बोटींनी उकरलेला खोल भाग, आणि तोही बहुधा पुरुषभर नसतो. नवशिका येतो आणि पहिला गळ थेट पलीकडच्या काठाला फेकतो. मोठे मासे तिकडे झुडपांखाली असतात असं त्याने ऐकलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. पण तिथे नेमकं पोचायचं तर अकरा-बारा मीटर लांबीचा कार्बनचा पोल लागतो. चांगल्या पोलची किंमत ऐकून माणसाला आपल्या शिक्षणावर आईवडिलांनी केलेला खर्च आठवतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून तो घेतोही. मग कळतं की कार्बनमधून वीज वाहते आणि कालव्यावरून जागोजाग विजेच्या तारा गेल्या आहेत. उरलेलं भान सायकलवाले आणतात. हा पोल मागे घ्यायचा म्हणजे पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी बांधलेल्या काठच्या वाटेवर तो आडवा सरकवायचा, आणि आज त्या वाटेवर घोड्यांऐवजी सायकली धावतात. दर माशामागे एकदा मागे वळून पाहायचं, एकदा ‘सॉरी’ म्हणायचं. एवढी माफी एरवी संसारातच मागावी लागते. आणि हे सगळं चालू असताना आपल्या बाजूची पायरी जिथे खोल भागात उतरते तिथे, म्हणजे पायांपासून तीन-चार मीटरवर, रोच आणि गजन निवांत चरत असतात. तिथे चार मीटरची साधी, बिनरिळाची काठी पुरते. पण पायाशी मासा आहे यावर विश्वास ठेवायला महत्त्वाकांक्षा तयार होत नाही.

गळाचंही तेच. गळाच्या नंबरांचा क्रम उलटा असतो. नंबर जितका मोठा तितका गळ बारीक. कालव्यावर वीस-बावीस नंबरचा लागतो, म्हणजे चष्मा लावूनही तो आहे की पडला हे बोटाला टोचल्यावर समजतं. त्याला एकच अळी लावायची, तीही जाड टोकाच्या कातडीत जेमतेम अडकवून, म्हणजे ती वळवळत राहते. या अळ्या बिअरप्रमाणे पाइंटवर विकत मिळतात, पांढऱ्या किंवा रंगवलेल्या लाल. फ्रिजमध्ये ठेवल्या नाहीत तर त्यांचे कोष होतात, आणि ठेवल्या तर घरात काय होतं हे इडलीच्या पिठाशेजारी तो डबा ठेवून बघावं. कोष झाले तरी वाया जात नाहीत. ‘कास्टर’ या नावाने त्यांना अळ्यांपेक्षा जास्त मान आहे. हे नको असेल तर ब्रेडच्या स्लाइसमधून पंचने डाळीएवढा गोळा कापून लावावा. थंडीत पाणी निवळलं की रोच त्यावरच येतो. अळी असो की ब्रेड, नवशिका बुडतो तो खाऊ टाकताना. पाहुणचार म्हणजे ताट भरून, असा त्याचा संस्कार. तो मूठमूठ पीठ फेकतो, बोटभर रोच दोन मिनिटांत तृप्त होतो, आणि पुढचा तासभर दोघं एकमेकांकडे बघत बसतात. चिमूटभर टाकावं, थांबावं, पुन्हा चिमूटभर टाकावं. अति तेथे माती, आणि कालव्यात माती आधीच पुष्कळ असते.

यावर पहिला आक्षेप बोटींचा. सात फूट रुंद आणि कधीकधी सत्तर फूट लांब अशी नॅरोबोट डोक्यावरून नेल्यासारखी पुढ्यातून जात असेल तर मासे कसले राहतात? राहतात. बोटीला ताशी चार मैलांची मर्यादा आहे, म्हणजे ती येताना दिसते, आपण दोर उचलतो, सुकाणूवरच्या निवृत्त गृहस्थाला हात करतो, तो हवामानाबद्दल एक वाक्य बोलतो आणि ते संपेपर्यंत बोट पुढ्यातच असते. ती गेली की तळाचा गाळ उठून पाणी गढूळ होतं, आणि गढूळ पाण्यात मासा बिनधास्त खातो. काचेसारखं स्वच्छ पाणी हे पर्यटकाला आवडतं, मासे गरवणाऱ्याला नाही. त्यातून कुठेतरी दूर लॉकचं, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या कोठीचं, दार उघडलं की हे साचलेलं पाणी अचानक वाहू लागतं, थबकतं, आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेला निघतं. दोराला बांधलेला शेंगदाण्याएवढा तरंगता फ्लोट त्यावरून कधी इकडे तर कधी तिकडे जातो. आणि लोक म्हणतात की या खेळात नुसतं बसायचं असतं!

दुसरा आक्षेप वजनदार आहे: तळ्यांवर का जाऊ नये? पैसे घेऊन कार्प मासे ठासून भरलेली तळी इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी झाली आहेत, आणि तिथे नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी पाच-सहा किलोचा कार्प लागू शकतो. पी हळद आणि हो गोरी. पण त्या माशाने काही शिकवलं असं म्हणता येत नाही. त्याला भूक होती आणि शेजारी गर्दी होती. जाड दोर, मोठा गळ, ओंजळभर खाऊ, सगळं खपून जातं. तोच माणूस कालव्यावर आला की एका बोटभर रोचकडून दिवसभर अपमान करून घेतो. रोच अळी चोखून, रिकामं साल गळावर ठेवून जातो आणि फ्लोट हललासुद्धा नाही. फ्लोटला बारीक छऱ्यांचं वजन इतकं नेमकं लावायचं की टोक टाचणीच्या डोक्याएवढंच पाण्यावर दिसावं, हे असा अपमान झाल्याशिवाय पटत नाही. (छरे शिशाचे चालत नाहीत, ते गिळून राजहंस मरत, म्हणून 1987 साली बंदी आली.)

तिसरा आक्षेप घरचा, आणि तो खास आपला: धरलेला मासा परत सोडायचा? ग्रँड युनियन कालव्याचा एक फाटा 1882 साली थेट स्लाउपर्यंत नेलेला आहे आणि स्लाउमध्ये मराठी घरं काही कमी नाहीत, म्हणून हे स्पष्ट सांगितलेलं बरं. कालव्यातला मासा पिशवीत घालून नेणं तिथे गुन्ह्यात मोडू शकतं. खाण्यात तसं मिळणार तरी काय? रोचमध्ये मांसापेक्षा काटे जास्त, आणि चवीला चिखल. त्याच्या रश्श्याला कितीही आमसुलं घातली तरी तो कालव्याचाच लागेल. काठाजवळच्या चार-पाच मीटरच्या पट्ट्यातले मासे रोज कोणी घरी नेले असते तर कालवा कधीच रिकामा झाला असता. ते परत जातात म्हणून तोच रोच पुढच्या रविवारी दुसऱ्याला शिकवू शकतो. शिक्षक खाऊ नये, इतपत संस्कार आपल्यालाही आहेत.

चौथा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. खायचं नाही तर त्या जिवाला टोचायचं कशाला? 2003 साली स्कॉटलंडच्या रॉझलिन संस्थेतल्या संशोधकांनी ट्राउटच्या ओठांत आम्ल टोचून पाहिलं, तेव्हा ते मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि खाण्याकडे फिरकायला त्यांना बराच वेळ लागला. माशाला काही कळत नाही, असं त्यानंतर कोणी छातीठोकपणे म्हणू नये. कालव्यावरची माणसं बिनकाट्याचा गळ वापरतात, हात ओले करून मासा धरतात आणि गळ झटक्यात काढतात. त्याने दुखणं कमी होत असेल. पुसलं जात नाही. ज्याला हे टोचतं त्याने कालव्याकाठी नुसतं फिरावं, त्याला परवाना लागत नाही.

ज्याला तरीही बसायचं आहे त्याचा पहिला मासा बहुधा गजन असेल: मिशा दोन, पाठीवर तपकिरी ठिपके, लांबी टीचभर. हात ओला करावा, मासा तळहातावर आडवा घ्यावा, गळ ओठात असेल तर बोटांनी आणि आत गेला असेल तर डिसगॉर्जर नावाच्या गळ काढायच्या काडीने काढावा, आणि मासा फेकू नये, पाण्यात हात बुडवून सोडावा. त्याचं वजन करू नये; काटा हलणार नाही आणि मन मोडेल. रात्री व्हिडिओ कॉलवर पुण्याहून मामा विचारतील, ‘केवढा होता?’ तेव्हा दोन्ही हात पसरायचा मोह होईल. पण कॅमेऱ्यासमोर अंगठा आणि तर्जनी ताणून धरावी, आणि ‘खाल्लात का?’ हा प्रश्न यायच्या आत नेटवर्क गेल्याचं सांगावं.